तराफ्याखालची बाळंतीण

वर राहणाऱ्यानं खाली बघून टाकावं, एवढी साधी रीत त्या धाकट्याला कुणी शिकवली नव्हती. वरून काहीही यायचं. फुटके शिंपले, कुजका दोर, दोरांवरून खरवडलेला चिकट गाळ, एकदा तर त्याची स्वतःची चप्पल. टाकून झालं की हात झटकायचा आणि म्हणायचा, "समुद्राचं समुद्राला." अरे बाबा, समुद्राला डोकं नाही. मला आहे. आणि ते सगळं माझ्या डोक्यावर पडत होतं.

मित्रांनो, मी कोण ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल, ही कोण भांडकुदळ बाई समुद्राच्या तळाशी बसून ओरडतेय. मी पिठाच्या गिरणीची जुनी तळी. तळी म्हणजे दळायचा मोठा गोल दगड, मध्ये भोक असलेला. दगड म्हणालात तरी चालेल, राग नाही. पण नुसता दगड म्हणू नका. नुसते दगड समुद्रात पुष्कळ पडलेत.

माझा जन्म डोंगरातल्या खाणीत झाला. एक पाथरवट आणि त्याची बायको यांनी मला घडवलं. तो घाव घालायचा आणि ती मधूनमधून टाकीनं टकटक करून माझ्या अंगाला कान लावायची. दगडाला आतून चीर असली तर आवाज बद्द येतो. माझा आला खणखणीत. "ही बोलते हो," ती म्हणाली. "मग तुझ्या माहेरची असणार," तो म्हणाला. दोघं हसली. जगात आल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं ते हसणं. म्हणून असेल, मला टोमण्यांची आवड पहिल्यापासून.

गिरणीत माझा थाट वेगळाच होता. दळायला दोन तळ्या लागतात. खालची एका जागी बसून असते, वरची फिरते. मी वरची. खालची माझी जाऊ म्हणा; गरीब, मुकी, सगळं सोसणारी. मालकीण माझ्या भोकात धान्य सोडायची आणि आम्हा दोघींमधून पीठ झरायचं, मऊ, कोमट, गालाला लावावंसं. बायका लांबून यायच्या. "ह्या दगडाचं पीठ वेगळंच," म्हणायच्या. मी फिरता फिरता ऐकायची आणि आणखी डौलात फिरायची. कुणी घाई केली, धान्य जास्त ओतलं, की पीठ गरम होऊन करपट वास यायचा. मालकीण ओतणाऱ्याचा हात धरायची. "तिला घास गिळू दे की," म्हणायची. माझी बाजू घेणारी बाई होती ती.

मग लोखंडी यंत्र आलं. ते बोलत नव्हतं, नुसतं किंचाळत होतं, पण भराभर दळत होतं. जावेला घराच्या दारात पायरी म्हणून बसवलं. मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. पावसानं मी हिरवी झाले, एका कोंबडीनं माझ्या आडोशाला संसार थाटला, मुलं माझ्यावर बसून एकमेकांना चिमटे काढायची. फिरणाऱ्याला एका जागी टेकून उभं राहणं किती जड जातं, ते फिरलेल्यालाच कळतं.

एक दिवस एक माणूस आला. समुद्रावर शिंपल्यांची शेती करणारा. सगळे त्याला आबा म्हणायचे. लाकडाचा तराफा पाण्यावर सोडायचा, त्याला दोर लटकवायचे, दोरांना शिंपले धरतात, वाढतात. मग दोर वर ओढून काढणी करायची, अशी ती शेती. तराफा वाहून जाऊ नये म्हणून तळाशी एक भारी वजन लागतं. आबांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही बाई कुणाला हलू देणार नाही." माझी पारख तिथंच झाली. मला उभी करून, चाकासारखी घरंगळत उतारावरून पाण्यापर्यंत नेली. तेच माझं शेवटचं फिरणं. माझ्या भोकातून साखळी ओवली आणि मला होडीच्या कडेवरून सोडून दिलं.

पाणी माझ्यावर मिटलं. मी खाली जात राहिले, हळू, जशी झोप खाली उतरते तशी. उजेड आधी पिवळा होता, मग हिरवा, मग निळसर. आणि तळाला टेकले तेव्हा रेतीचा एक लहानसा ढग उठला आणि माझ्याभोवती पुन्हा निजला.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की तळाशी काय, अंधार आणि चिखल. छे! रेतीवर लाटांच्या बारीक चुण्या पडलेल्या असतात, नुकत्याच झटकलेल्या चादरीसारख्या. समुद्री गवत एकाच वेळी सगळं इकडं झुकतं, मग सगळं तिकडं. रेतीत नळ्या करून राहणारे किडे पिसांसारखे हात बाहेर काढतात, सावली पडली की आत घेतात. चपटे मासे अंगावर रेती ओढून नुसते डोळे बाहेर ठेवतात. मोठमोठे तळातले शिंपले उघडतात, मिटतात, उघडतात. सगळं इतकं हळू चालतं की आपण जागे आहोत की स्वप्नात, हेच कळेनासं होतं. मी जन्मभर गरगरलेली बाई. तिथं मला पहिल्यांदा शांत बसणं आवडायला लागलं.

आणि माझ्याकडं राहायला लोक आले! माझ्या पाठीवर समुद्रफुलं उगवली. कडेला एक खेकडीण आपल्या गोतावळ्यासह राहिली. एक तारामासा असाच येऊन पसरायचा, जसे काही पाहुणे उठायचं नाव काढत नाहीत. भाडं मी कुणाकडून घेतलं नाही. तोंडानं बोलायची खूप, पण घराबाहेर कुणाला काढलं नाही.

वरच्या जगाची खबर मला साखळीतून यायची. तराफ्यावर कुणी बोललं की लोखंड थरथरायचं आणि बोलणं कडीकडीनं खाली उतरायचं. पोचेपर्यंत थोडं ओलं, थोडं लांबट व्हायचं, पण शब्द कळायचे.

आबांची एक पद्धत होती. दोर मोजकेच, एकमेकांपासून लांब. वरून शिंपल्यांची विष्ठा, फुटलेली कवचं पडायची. ती पडणारच, खाणाऱ्याच्या ताटाखाली चार शितं सांडतातच. तेवढ्यावर खालचे चार जण जगायचे. आणि दरवर्षी काढणी झाली की तराफा दुसरीकडं न्यायचा. ओहोटीला साखळी आखडून घट्ट बांधायची. भरती आली की तराफा पाण्याबरोबर वर चढायचा आणि मला आपोआप उचलायचा. मग होडीनं ओढत नव्या जागी न्यायचं आणि साखळी सैल सोडायची. ना ताकद, ना आरडाओरडा. "तळाला विसावा द्यायचा," आबा म्हणायचे. मी नव्या जागी टेकायची, आणि जुन्या जागेवर उरलेली माझी गोल खूण हळूहळू रेतीनं बुजायची.

पुढं आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ते घराच्या खिडकीत बसले आणि शेती धाकट्याकडं आली. हा त्यांचा शेवटचा मुलगा, लाडावलेला. त्याच्याहून मोठी बहीण होती, तिला तो ताई म्हणायचा. ताईची शेती वेगळी. ती श्वास रोखून तळापर्यंत बुडी मारायची आणि रेतीतले मोठे शिंपले हातानं वेचून न्यायची. माझ्याजवळून जाताना माझ्या पाठीवर हात टेकून दिशा बदलायची. मला ती आवडायची. कामाची बाई होती आणि पाण्याखाली गप्प राहायची.

धाकट्यानं काय केलं, तराफा आणला तो थेट घरासमोर. तिथं वारा नाही, लाट नाही, पाणी वाहतच नाही म्हणा ना. दुपारी दोन वल्ही मारली की घरचं गरम जेवण आणि वर एक झोप. मग दोर वाढवले. दोन दोरांमध्ये एक, त्या एकामध्ये आणखी एक. आणि तराफा हलवणं बंद.

आधी आधी खाली चंगळ झाली, खोटं कशाला बोलू. वरून इतकं पडायचं की खेकडीण गुबगुबीत झाली, तारामाशाला हलायचीही गरज उरली नाही. पण मित्रांनो, पंगतीचं उष्टं रोजच्या रोज दारात ओतलं आणि उचललं नाही, तर काय होईल? गाळ बसू लागला. मऊ, काळा, उंदराच्या पावलानं वाढणारा. गवत आधी वाकलं, मग त्यात बुडालं. नळीतल्या किड्यांनी हात आत घेतले ते पुन्हा काढले नाहीत. पाण्यातला श्वास संपत चालला. मोठे शिंपले उघडले आणि मिटायचे राहिले. गाळावर पांढरा पापुद्रा धरला, दुधावर साय धरावी तसा, फक्त ह्या सायीला सडक्या अंड्यांचा वास होता. माझी समुद्रफुलं एकेक करून गळाली. एके दिवशी खेकडीण पोरांना घेऊन निघाली. निरोपसुद्धा घेतला नाही. मी तिला दोष देत नाही. गुदमरणाऱ्याला रीतभात कुठून सुचणार?

साखळीतून मी बहीणभावाचं बोलणं ऐकत होते.

"धाकट्या, तराफा हलव आता. खाली पाय टेकवायची सोय राहिली नाही."

"पाय कशाला टेकवतेस? वर बस. चहा पी."

"आबा दरवर्षी हलवायचे."

"आबांना घरी बसवत नव्हतं म्हणून हलवायचे. ताई, हे पाणी बघ! काच आहे काच! माझे शिंपले अख्खं पाणी गाळून देतात. फुकट! समुद्रानं मला हात जोडायला पाहिजेत."

"गाळलेलं पाणी दिसतं तुला. गाळलेला गाळ कुठं जातो?"

"खाली."

"आणि खाली कोण असतं?"

"तुझे किडे."

"आणि माझं पोट," ताई म्हणाली. होडीत तिची जाळीची पिशवी आपटल्याचा आवाज आला. रिकामी पिशवी फार हलका आवाज करते.

धाकटा खोटं बोलत नव्हता. वरचं पाणी खरंच लख्ख होतं. शिंपल्यांचाही दोष नव्हता. बिचारे पाणी पितात, त्यातलं खायचं ते खातात, नको ते सोडतात. पण बैठक लख्ख झाडायची आणि केर सतरंजीखाली सारायचा, असला तो कारभार. आणि सतरंजीखाली मी.

त्याच दिवसांत ती आली. एक ऑक्टोपसची मादी. गाळावरून एकेक हात उचलत, शी शी करत चालावं तशी. माझी एक बाजू खालच्या खडकावर टेकलेली होती, त्यामुळं माझ्या पोटाखाली जराशी पोकळी उरली होती. त्या सगळ्या काळ्या पसाऱ्यात तेवढीच कोरडी म्हणावी अशी जागा. तिनं वाकून बघितलं, आत शिरली, आणि माझ्या खालच्या अंगाला अंडी लावली. मित्रांनो, ती अंडी कशी दिसतात माहीत आहे? धान्याच्या लोंब्यांसारखी! शुभ्र दाण्यांच्या लोंब्या, माझ्या अंगाला लटकलेल्या. मी जन्मभर दाणे भरडले. आता माझ्या पोटाशी दाणे झुलत होते आणि मला हलायची चोरी होती.

ती तिथून हललीच नाही. खाल्लं नाही. दिवसभर अंड्यांवर पाण्याची फुंकर घालायची, एकेका लोंबीवरून हात फिरवून गाळ पुसायची. गाळ पुन्हा चढायचा. ती पुन्हा पुसायची. तिचा रंग उतरत चालला होता. मी तिला म्हणायची, "बाई, जरा दम घे." दम घ्यायला पाण्यात दम होता कुठं?

उन्हाळ्याचे दिवस होते. होता नव्हता तो वाराही पडला. गाळातून बुडबुडे वर जाऊ लागले आणि धाकट्याच्या दोरांच्या खालच्या टोकाचे शिंपलेही तोंड वासायला लागले. ताईनं ते उचलून त्याच्या नाकासमोर धरले असावेत, कारण तो ओरडला, "बरं बाई! हलवतो! एका होडीच्या लांबीइतका हलवतो. झालं समाधान?"

आणि ओहोटी बघून त्यानं साखळी आखडून घट्ट बांधली. भरती उचलेल तिचं ती, म्हणाला, आणि जेवायला गेला.

माझ्या काळजाचं पाणी झालं. बाळंतिणीच्या डोक्यावरचं छप्पर मी, आणि आता तेच उचलणार. लोंब्या माझ्या अंगाला, म्हणजे त्याही उचलल्या जाणार, होडीमागून फरफटत जाणार. मी हाक मारायला बघितलं. साखळी ताणलेली, वरचं खाली येतं, खालचं वर जात नाही. भरती चढू लागली. कड्या एकमेकींवर करकरल्या. माझी एक कड बोटभर उचलली गेली.

तेवढ्यात ताई आली. दगड सुटतोय की गाळात रुतलाय, बघायला तिनं बुडी मारली. माझ्या कडेखाली डोकावली आणि थबकली. मग अशी वर गेली की तिच्या पायांनी गाळाचा लोट उठला. पुढं साखळीतून तिची हाक ऐकू आली, किनाऱ्यापर्यंत जाईल अशी.

"धाकट्या! ये रे! खाली बाळंतीण आहे!"

वल्ह्यांचा आवाज जवळ आला. धाकट्याच्या तोंडात घास असावा.

"काय झालं? कोण बुडालं?"

"कुणी बुडालं नाही. साखळी सोड. बाळंतीण आहे खाली."

"कुणाची बाळंतीण?"

"समुद्राची. ऑक्टोपस. दगडाखाली अंडी राखत बसलीय."

"ताई, त्यासाठी मला ताटावरून उठवलंस?"

"हो. उठलाच आहेस तर खालीही ये."

"माझा कान दुखतो खाली."

"कान होडीत ठेव. डोळे घेऊन ये."

तो आला. हातपाय झाडत, तोंडातून बुडबुडे सोडत. तळाला धरायला हात पुढं केला, तर हात कोपरापर्यंत गाळात गेला. काळा ढग उठला. त्यानं हात ओढून घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचा होता. मग माझ्या कडेखाली वाकला. ती आत होती, विटक्या कापडासारखी फिकी, अंड्यांवर आठही हात पसरून. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तिनं एक हात लांब केला, त्याचं बोट धरलं आणि हळूच बाजूला सारलं. बाळंतिणीच्या खोलीत शिरलेल्या पुरुषाला असंच बाहेर काढतात.

वर गेल्यावर तो धापा टाकतच साखळीच्या गाठीशी झटू लागला.

"गाठ सुटत नाही, ताई. फार ताण आलाय."

"साखळी अडकवलेली खीळच पाड."

"खीळ पाडली तर तराफा मोकळा होईल. सगळं पीक त्याच्यावर आहे. खडकावर गेलं तर?"

"मला विचारू नकोस. बघून तू आलास."

 माझी कड आणखी उचलली. खाली ती सगळ्या लोंब्या एकत्र कवळून बसली होती. मग हातोड्याचा घाव पडला. एक. अजून एक. आणि साखळी खळखळत येऊन माझ्या अंगावर कोसळली. पाण्यानं मला हळूच खाली ठेवलं. एकही दाणा चेंगरला नाही.

त्यानंतर मी वरचा एक शब्द ऐकलेला नाही. माझा कानच गेला. फक्त पाहिलं, तराफ्याची सावली माझ्यावरून सरकत निघाली. तिच्या दोन बाजूंना दोन होड्या, दोन जोड वल्ही वेड्यासारखी चाललेली. धाकटा काय म्हणत होता, ताईनं काय टोमणा मारला, काही कळलं नाही. मला फार हळहळ वाटली. चांगलं भांडण हुकलं.

तराफा खाडीच्या तोंडाशी लागला, असं येणाऱ्या-जाणाऱ्या खेकड्यांकडून कळलं. तिथं पाणी वाहतं असतं, केर एका जागी साचत नाही. म्हणे दोरही आता विरळ आहेत. दुपारचं जेवण मात्र डब्यातलं, गार.

इकडं सावली गेली आणि कितीतरी दिवसांनी उजेड तळापर्यंत उतरला. एका सकाळी लोंब्या फुटल्या. एकेक पिल्लू तांदळाएवढं, अंगापेक्षा डोळे मोठे. त्यांच्या आईनं शेवटची फुंकर घातली आणि ती सगळी वर निघाली. मी त्यांना जाताना बघत होते. गाळाच्या राज्यातून निघालेली पांढरी भुकटी, वर वर, हिरव्या पाण्यातून पिवळ्या पाण्यात, जणू मी पुन्हा फिरतेय आणि पीठ उलटं आकाशाकडं झरतंय. आई माझ्याखाली पडून होती. तिचा रंग पूर्ण गेला होता. दुपारपर्यंत ती गेली. त्यांच्या जातीत आया अंडी फुटली की जातातच. पण ही काम पुरं करून गेली. मी तिच्यावर छप्पर होते, एवढं माझ्या नशिबात होतं.

मित्रांनो, तळ लगेच बरा होत नाही. आजारपण झटकन येतं, जाताना उंबऱ्यावर रेंगाळतं. आधी पांढरा पापुद्रा विरला. मग बारीक लाल किडे आले, गाळ उकरू लागले. कडेला गवताची चार पाती उठली. माझ्या भोकात एक नखाएवढा खेकडा राहायला आला आहे, आणि आत्ताच घरमालकासारखा गुरगुरतो. तुम्ही शिंपले खा, शेती करा, मी नको म्हणत नाही. पण ज्याच्या डोक्यावर आपण घर बांधतो, त्याच्याकडं मधूनमधून वाकून बघत जा. तो ओरडत नाही, म्हणजे त्याला काही होत नाही असं नव्हे.

परवा धाकटा आला. एकटाच. आता बुडी बरी मारतो, बुडबुडे कमी सोडतो. खांद्यावर नवा दोर होता. मला बघताक्षणी कळलं. घरासमोरची जागा त्याला पुन्हा हवी होती. तो माझ्याजवळ आला, दोराचं टोक माझ्या भोकाशी नेलं. खेकड्यानं नांगी दाखवली. धाकटा थांबला. मग त्यानं दुसऱ्या हाताची बोटं माझ्याशेजारी रेतीत घातली. वरची रेती पिवळी होती, पण बोटभर खाली गेल्याबरोबर काळा धूर निघाला. तो त्या धुराकडं बघत राहिला. धूर विरेपर्यंत बघत राहिला. मग त्यानं दोर गुंडाळला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

तेव्हा मी बोलले. ऐकू गेलं असेल, नसेल, मोठ्यानं बोलले.

"धाकट्या, तू वाईट नव्हतास. तुला खाली बघायचा कंटाळा होता. आता बघितलंस, तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुला उरली नाही. जागा अजून बरी झालेली नाही. पुढच्या वर्षी ये, त्याच्या पुढच्या वर्षीही ये, ही घरंदाज बाई कुणाला येऊ नको म्हणत नाही. पण येशील तेव्हा रिकाम्या हातानं ये."